सीताफळ : नाव, शिल्प आणि पुरावा

जुन्या औषधिग्रंथांतील वनस्पती कोणती, हा प्रश्न युरोपात बहुधा चित्रांच्या आधारे सोडविला जातो. डायॉस्कोरिडीसच्या ग्रंथाची इ. स. ५१२ च्या सुमाराची, व्हिएन्ना येथे जतन केलेली सचित्र प्रत या दृष्टीने प्रसिद्धच आहे. आपल्या निघंटूंची रीत निराळी. त्यांत चित्राऐवजी पर्यायनामांची मालिका असते. राजनिघंटुकार नरहरी तर महाराष्ट्रातील व कर्नाटकातील नावेही नोंदवितो. साहजिकच येथे नावावर भिस्त ठेवावी लागते, आणि चित्राची उणीव अभ्यासक शिल्पांवरून भरून काढू पाहतात. या दोन्ही वाटा कोठे फसतात, ते बीड जिल्ह्यातील सीताफळावरून दिसून येते.

बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर हे झाड लावल्यावाचून वाढते. गुरेशेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावीत नाहीत, त्यामुळे ते टिकते. त्याच्या बियांची पूड उवांवर वापरतात. २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले. इतक्या मुरलेल्या झाडास परके कसे म्हणावे? त्यातून नाव सीतेचे! तरीही त्याचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिका असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ते येथे आले, असेच सामान्यतः मानले जाते. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत ते आढळत नाही.

नावाचा पुरावा येथे फारसा उपयोगी नाही. अननस, काजू, पपई, बटाटा हे शब्द आपल्या पोर्तुगीज वाटेची खूण बाळगून आहेत. बंगालीतील ‘आता’ हे सीताफळाचे नावही पोर्तुगीज ‘आता’शी जुळते. मराठी नाव मात्र पूर्णपणे देशी घटकांचे आहे. पण ‘फळ’ हे उत्तरपद कोणत्याही काळी नवा सामासिक शब्द घडविण्यास मोकळे असते. सीताफळ व रामफळ ही जोडी रूढ झाल्यावर त्याच कुळातील नवागत फळांना लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी नावे मिळाली. ती रामायणकालीन आहेत असे कोणी म्हणत नाही. ‘शीतफल’ ही व्युत्पत्तीही सुचविली जाते, परंतु तीत ‘ता’मधील दीर्घत्वाचा उलगडा होत नाही.

शिल्पाचा प्रश्न अधिक अवघड आहे. भारहूत येथील इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या स्तूपावरील एक खवलेदार फळ सीताफळच होय, असे अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. जॉर्ज वॉट याला त्याच आकृतींत फणस किंवा कदंबाचा पुष्पगुच्छ दिसला. शिल्पी गोल आकृतीवर उंचवटे कोरतो, तेव्हा तो वनस्पतिशास्त्रज्ञासाठी कोरीत नसतो. पाने, देठ, फळाची मांडणी यांचा मेळ बसल्यावाचून केवळ उंचवट्यांवरून निर्णय देणे धाडसाचे आहे. कनिंगहॅमने ते धाडस केले.

वादाला नवे वळण मिळाले ते मातीतून. विंध्य परिसरातील टोकवा येथील उत्खननात सापडलेल्या जळक्या बीचे व सोबतच्या कोळशाचे कार्बन-१४ कालमापन अनिल पोखरिया व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले आणि कोलंबसपूर्व सागरी संपर्काची शक्यता मांडली. हा निष्कर्ष मान्य केला तरी त्यायोगे भारहूतच्या आकृतीची ओळख सिद्ध होत नाही, आणि बालाघाटावरील आजची झाडे त्या प्राचीन बीच्या वंशातील ठरत नाहीत. त्यासाठी बीड ते विंध्य या पट्ट्यातील मधल्या शतकांच्या थरांतून अशाच बिया मिळाल्या पाहिजेत.