पाली शिकून काय मिळतं?

"बी.ए.ला पाली घेऊन पोराला नोकरी लागेल का?" असं आपल्या वस्तीतले आईबाप विचारतात. हातावर पोट असणाऱ्यांचा हा प्रश्न रास्तच आहे. पण आपला इतिहासही आपण पाहिला पाहिजे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही. पर्शियन घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या जिद्दीनं शिकले, पालीचाही अभ्यास केला. धर्मग्रंथ उघडण्याचीच आपल्याला बंदी होती, हे विसरून चालणार नाही.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं. तेव्हा आपली हिंगोली हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. मराठवाडा विद्यापीठ तर १९५८ साली आलं. कॉलेजला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भन्ते नागसेनांना शंकांवर शंका विचारल्या. नागसेन रागावले नाहीत. रथाचे, दिव्याचे दाखले देऊन त्यांनी उत्तरं दिली. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही मान त्या नावांत आहे.

विद्यार्थ्याला मिळतं ते हेच. त्रिसरण-पंचशील आपल्याला विहारात पाठ होतं. कॉलेजात त्यातल्या शब्दाशब्दाचा अर्थ कळतो, दुसऱ्यांचे धर्मही समजतात. मग कुणी बुवा काहीही सांगो, पोरगं विचारतं, "कुठं लिहिलंय?" नोकरीसाठी दुसरा विषय जरूर घ्यावा, पण ही विचारण्याची सवय आपल्या मुलामुलींना लागलीच पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!