आकडा आणि नाव

अमेरिकेतल्या माणसाला आपला पणजोबा शोधायचा असला की तो दोन कागदांच्या मागे लागतो. एक सैन्यभरतीचं कार्ड आणि दुसरा जनगणनेचा तक्ता. १९१७-१८ मध्ये तिथे सक्तीच्या भरतीसाठी सुमारे दोन कोटी चाळीस लाख पुरुषांची नोंद झाली. नाव, पत्ता, धंदा, अगदी डोळ्यांचा रंगसुद्धा! जनगणनेचे घरोघरचे तक्ते तर ७२ वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले.

हे वाचलं आणि मनात आलं, आमच्या मोरगावच्या माणसाने हाच उद्योग करायचा ठरवला तर?

मोरगाव म्हटलं की लोकांना मयूरेश्वर आणि कऱ्हा नदी आठवते. पण इथल्या जुन्या घरांत बसलात तर आणखी एक नाव कानावर येतं, बसरा. आमच्याच घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं एक वाक्य आहे : 'आज्याचा थोरला भाऊ बसऱ्याला गेला, तो आलाच नाही.' बस्स, एवढंच. कोणती पलटण, कोणतं साल, काही नाही.

आता शोधायचं कुठून? हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हतीच, त्यामुळे घरटी कार्डंही नाहीत. पहिल्या महायुद्धात इथून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली ती कागदोपत्री स्वखुशीने. (दुष्काळ आणि सावकार यांना स्वखुशीत धरायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.) पंजाबचं नशीब जरा बरं. तिथल्या गाववार भरतीच्या वह्या लाहोरच्या म्युझियममध्ये टिकल्या आणि २०२१ पासून लोकांना पाहता येऊ लागल्या. आपल्याला वळसा घालून जावं लागतं.

घरात 'बसरा' म्हणतात तेव्हा सगळा मेसोपोटेमिया त्यात येतो. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे लढली. कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली, आणि पुढच्या कैदेत त्यातली हजारो मेली. लढाई संपल्यावर सरकारने आपल्याकडे कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. नाव एकही नाही. आणि बसऱ्याचं स्मारक? तिथे इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्या बहुतेक शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसती संख्या आली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी!

जनगणनेचंही तेच. १८७२ पासून सरकार आपल्याला मोजत आलंय. पण १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरच्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत, त्या कोर्टात पुरावाही होत नाहीत. आपल्या हाती येतात ते फक्त आकडे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, कारण १९१८ ची मानमोडीची साथ. पण त्या आकड्यात आमच्या घरातलं कोण होतं, हे जनगणना सांगत नाही.

मग नाव सांगतं कोण? गावातला कोतवाल! जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला आपण 'कोतवाल बुक' म्हणतो. कुणाच्या घरी, कधी, कोणत्या रोगाने कोण गेलं, ते तिथे असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली ही दप्तरं धूळ झटकून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. एका कागदावर मुलांचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते, हे तेव्हा पुष्कळांना कळलं.

तुम्हाला शोधायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या कागदांत बारामती तालुका नव्हे, 'भीमथडी' पाहा. आडनाव मिळेलच असं नाही, 'अमका बिन तमका' असं लिहिलेलं असतं. कुणी 'काळी पाचवी' म्हणालं तर ती १०५ वी मराठा. वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर दगडावर न कोरलेली नावंही असतात, पुष्कळदा बापाच्या आणि गावाच्या नावासकट. फक्त इंग्रजी स्पेलिंगची सगळी रूपं टाकून बघा, आणि मोरगाव नावाची गावं आणखीही आहेत हे विसरू नका.

कोतवाल बुकात मात्र बसऱ्याला मेलेला माणूस सापडणं कठीण, कारण तो गावात मेला नाही. त्याच्यासाठी फेरफार बघायचे. जमिनीवरचं एक नाव कमी होतं, भावांची किंवा बायकोची नावं चढतात, आणि तलाठी एका ओळीत कारण लिहितो. मला वाटतं, परत न आलेल्या कितीतरी माणसांसाठी गावात लिहिली गेलेली ओळ एवढीच असेल. पाटीवर आकडा, तक्त्यात आकडा, आणि नाव मात्र सापडतं ते कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यापायी.

म्हणून एक सांगणं. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आजच विचारा आणि लिहून ठेवा. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तीही आपल्याला मोजेल. नावं आपली आपणच जपायची.