संहिता सेन्सॉर झाली का?

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेला तालमीची जागा, नेपथ्याचा खर्च आणि ऐन वेळी लग्न ठरणारी नायिका यांच्याइतकीच काळजी असते ती एका कागदाची. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तिथे ती वाचली जाते, खटकलेले शब्द गाळायला सांगितले जातात आणि मग प्रमाणपत्र मिळतं. मंडळाचं हे लांबलचक नाव नाटकवाल्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. ‘सेन्सॉर झालं का?’ एवढंच सगळे विचारतात.

या कागदाचा मूळपुरुष लंडनचा. हेन्री फील्डिंग आपल्या नाटकांतून पंतप्रधान वॉलपोलची यथेच्छ टर उडवत असे. १७३७ साली वॉलपोलने कायदाच आणला : लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय नवं नाटक रंगभूमीवर यायचं नाही. फील्डिंगची नाटकं थांबली. तो कादंबरीकडे वळला आणि पुढे, गंमत म्हणजे, स्वतःच मॅजिस्ट्रेट झाला.

हिंदुस्थानात निमित्त झालं प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताचं. कलकत्त्याच्या एका बड्या वकिलाने राजपुत्राला थेट आपल्या घरच्या जनानखान्यात नेलं. त्यावर ग्रेट नॅशनल थिएटरने प्रहसन रचलं आणि लोक पोट धरून हसले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकला ते हसू झोंबलं. १८७६च्या फेब्रुवारीत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर नाट्यप्रयोग कायदा झाला. बदनामीकारक, राजद्रोही किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारा प्रयोग सरकार बंद करू शकत होतं. हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. धार्मिक उत्सवांतल्या जत्रा मात्र कायद्यातून वगळल्या होत्या. देवाच्या दारात हात घालायची सरकारची छाती नव्हती.

आपल्याकडे या कायद्याची खरी परीक्षा ‘कीचकवधा’ने घेतली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणलं. कथा विराटपर्वातली. त्यात गोरा माणूस नाही, लाटसाहेब नाही, इंग्रजांविरुद्ध एक अक्षर नाही. पण प्रेक्षागृहातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. आता बंदी घालायची कशावर? महाभारतावर? डिसेंबर १९०९मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. सरकार हादरलं आणि पुढच्याच महिन्यात ‘कीचकवधा’वर बंदी आली. संहितेत न लिहिलेलं वाक्य प्रेक्षक आपल्या मनाने भरून घेतो. त्याला कात्री कशी लावणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

इंग्रज गेले, कात्री राहिली. एवढंच नव्हे, ती अधिक काटेकोर झाली. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याचं ३३वं कलम रस्त्यावरच्या रहदारीपासून खाणावळींच्या परवान्यांपर्यंत सगळ्याचे नियम करायचा अधिकार पोलिसांना देतं. त्याच कलमात संहितेची पूर्वतपासणीही बसली. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या बोर्डावर उभ्या उभ्या जे रचतो, त्याची संहिता कुणी कुठून आणायची, ते कलमाला विचारू नये.

१९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची आणि मंडळाची गाठ पडली. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्याआधीच, १९६८ साली, लंडनने लॉर्ड चेंबरलेनला या कामातून मोकळं केलं होतं. म्हणजे आजोबा वारले होते आणि नातू इथे शब्द मोजत बसला होता.

१९७२ सालीच ‘घाशीराम कोतवाल’ही आलं. त्याच्यापुढे मंडळ नव्हे, ते बसवणाऱ्या संस्थेतल्याच वडीलधाऱ्यांचा विरोध उभा राहिला आणि प्रयोग थांबले. तरुण मंडळींनी संस्था सोडली, थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि नाटक पुढे नेलं. मला जबाबदारी म्हणतात ती इथे दिसते. आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

मंडळाच्या शिक्क्याने नेमकी हीच जबाबदारी अंगावरून झटकता येते. नाटककार म्हणतो, मंडळाने पास केलंय. मंडळ म्हणतं, आम्ही शब्द तपासले, परिणाम नाही. आणि प्रसंग आला की शिक्का उपयोगाला येत नाही, तो नाहीच. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ मंडळाच्या हाताखालून गेलं होतं, तरी १९९८ साली गदारोळ उठताच सरकारने प्रयोग थांबवले; ते हायकोर्टातून सुटायला २००१ उजाडलं. ते नाटक मला पटत नाही. पण त्याला उत्तर द्यायचं तर ते आधी प्रेक्षकांपुढे यायला हवं. बदनामी, चिथावणी यांसाठी कायदे आहेतच, आणि ते बोलून झाल्यावर लागू होतात. त्याचा जाब बोलणाऱ्याला उघड्या न्यायालयात देता येतो. बंद खोलीतल्या वाचकापुढे अशी सोय नसते.

२०१६ साली अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच हायकोर्टात आव्हान दिलं. १८७६चा कायदा संसदेने जुन्यापुराण्या कायद्यांच्या यादीत टाकून रद्द केला, त्यावर जानेवारी २०१८मध्ये शिक्कामोर्तब झालं. त्या यादीत मुंबई पोलीस कायद्याचं ३३वं कलम नव्हतं.