वायूचा माग काढणारा चिमुकला लेसर

माहुलच्या बाजूचा वारा सुटला की चेंबूरमधील अनेक घरांच्या खिडक्या बंद होतात. तक्रार नोंदवली जाते. मात्र तपासणी होईपर्यंत वारा फिरलेला आणि वासही विरलेला असतो. तो कोणता वायू होता आणि त्याचे प्रमाण किती होते, याची नोंद त्याच क्षणी झाली नाही तर पुढे हाती काहीच उरत नाही.

चेंबूरचे हे दुखणे जुने आहे. माहुल परिसरातील पहिला तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये, तर दुसरा १९५५ मध्ये सुरू झाला. पुढे खत कारखाना आणि रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आंबापाडा, माहुल आणि चेंबूर येथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या दर्जामुळे धोका असल्याचे नमूद केले. अशा ठिकाणी वायूची क्षणोक्षणी नोंद ठेवण्यासाठी जी साधने उपयोगी पडू शकतात, त्यांत तरंगलांबी बदलता येणाऱ्या अर्धवाहक, म्हणजेच सेमीकंडक्टर लेसरचे स्थान वरचे आहे.

प्रत्येक वायू प्रकाशातील ठरावीक तरंगलांबीच शोषून घेतो. अमोनियाची अशी एक खूण १.५१ मायक्रॉनच्या आसपास, तर मिथेनची १.६५ मायक्रॉनच्या आसपास आढळते. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन पकडावे, त्याप्रमाणे लेसरची तरंगलांबी या खुणेवरून मागेपुढे सरकवली जाते. वाटेत तो वायू असेल तर पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशात नेमक्या त्याच जागी खळगा पडतो. खळगा जितका खोल, तितके वायूचे प्रमाण अधिक.

येथे वेग का हवा? धूळ, धुके किंवा यंत्राचा हादरा यांमुळेही प्रकाश मंदावतो. परंतु सेकंदाच्या हजाराव्या भागात एक फेरी पूर्ण झाली, तर तेवढ्या वेळात धूळ जवळजवळ स्थिर असते आणि तिचा परिणाम सर्व तरंगलांबींवर सारखाच होतो. वायूचा खळगा त्यातून सहज वेगळा ओळखता येतो.

खरी अडचण वेग आणि आवाका एकत्र साधण्यात आहे. लेसरचे तापमान बदलले की तरंगलांबी काही नॅनोमीटर सरकते, पण तापणे आणि निवणे ही कामे सावकाश होतात. विद्युतप्रवाह बदलला तर ती झटकन सरकते, पण थोडीच. बाहेरून आरसा किंवा जाळी फिरवून आवाका वाढवता येतो. मात्र यंत्र बोजड होते. यावरचा एक तोडगा जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून निघाला. या लेसरमधून प्रकाश कडेने न निघता चकतीच्या पृष्ठभागातून सरळ वर निघतो. त्यावर तरंगता सूक्ष्म आरसा बसवून तो विजेच्या दाबाने हलवला, की १०० नॅनोमीटरहून अधिक आवाका सेकंदाला लाखाहून अधिक वेळा पालथा घालता येतो. आरसा इतका हलका असतो की त्याला थांबायला आणि वळायला अगदी थोडा वेळ लागतो. डोळ्याच्या पडद्याचे थर पाहण्यासाठी हे लेसर वापरले जातात.

या विषयाशी चेंबूरचे शेजारीपणाचे जुने नाते आहे. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत, म्हणजे आजच्या भाभा अणु संशोधन केंद्रात, १९६० च्या दशकाच्या मध्यातच गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला होता. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. सहकाऱ्यासह १९७१ मध्ये त्यांनी तरंगलांबी बदलता येणाऱ्या लेसरने हवेतील नायट्रिक ऑक्साइड मोजून दाखवले. त्यासाठी अतिशीत इंडियम अँटिमोनाइडचा स्फटिक, बलाढ्य चुंबक आणि आणखी एक लेसर एवढा पसारा मांडावा लागला होता. त्याच बेल प्रयोगशाळेत १९९४ मध्ये जन्मलेल्या क्वांटम कॅस्केड लेसरने हा पसारा नखाएवढ्या चकतीवर आणला. पटेल यांनी २००० मध्ये स्थापन केलेली प्रानॅलिटिका ही कंपनी हेच लेसर बनवू लागली.

तरीही माहुलसारख्या ठिकाणी पेच उरतोच. अमोनिया किंवा मिथेन यांच्या खुणा बारीक आणि स्पष्ट असतात. बेन्झिन, टोल्युइन यांसारखी सेंद्रिय द्रव्ये मात्र रुंद पट्ट्यांत प्रकाश शोषतात आणि त्यांचे पट्टे एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळे करण्यासाठी दूरच्या अवरक्त भागात, मोठ्या आवाक्यात आणि तरीही वेगाने फिरणारा लेसर हवा. तसा लेसर महाग पडतो.

कारखान्याच्या कुंपणाच्या एका टोकाला लेसर आणि दुसऱ्या टोकाला परावर्तक ठेवला, तर मधल्या संपूर्ण रेषेवरील वायूची सरासरी मिळते. त्या रेषेवर तो नेमका कोठून शिरला, हे एकटा लेसर सांगत नाही. त्यासाठी वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारे साधे उपकरण शेजारी बसवावे लागते आणि दोन्ही नोंदी एकाच वेळेच्या असाव्या लागतात.