बालकाचा क्रम शेवटचा: नातेसंबंधांच्या शिक्षणाचा इतिहास

प्राथमिक शाळेतील मुलांना स्वतःचे शरीर, मनातील भावना, मैत्री व नातेसंबंध यांविषयी शाळेने काही शिकवावे काय, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत निघाला की बहुधा दोन उत्तरे मिळतात. हे घराचे काम आहे, असे काहींचे म्हणणे. मुलांचे अजून ते वय नाही, असे इतरांचे. दोन्ही उत्तरे जुनी आहेत. परंतु आपल्या देशातील या प्रश्नाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, लहान मुलाची गरज ओळखून हा विषय शाळेत आलाच नाही. तो प्रत्येक वेळी वडीलधाऱ्यांच्या कोणत्या ना कोणत्या भीतीपोटी आला, आणि म्हणूनच बालकाचा क्रम शेवटचा लागला.

स्वातंत्र्यानंतर पहिली भीती होती ती शील ढासळण्याची. १९५९ मध्ये नेमलेल्या श्रीप्रकाश समितीने धार्मिक व नैतिक शिक्षणाचा विचार केला. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने नैतिक व आध्यात्मिक मूल्यांसाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तास राखून ठेवावेत, अशी शिफारस केली. हेतू चांगला होता. मुलाने इतरांशी कसे वागावे, हे या परंपरेने शिकविले. मात्र इतर कोणी मुलाशी वाईट वागला तर त्याने काय करावे, यावर ती बहुतांशी मौन राहिली. आज्ञाधारकपणा हा मोठा सद्‌गुण ठरला. पण कोणती आज्ञा मानू नये, हे मुलाला कोणी सांगितले नाही.

दुसरी भीती वाढत्या लोकसंख्येची. १९८० मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला आणि कुटुंबाचा विषय पाठ्यक्रमात आकडेवारीच्या वाटेने शिरला. तिसरी भीती एड्सची. २००५ मध्ये केंद्रीय शिक्षण खाते व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. तो माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी होता. पहिली-दुसरीतले मूल त्याच्या कक्षेतच नव्हते.

या कार्यक्रमाचे पुढे काय झाले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. २००७ च्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक व गुजरात या राज्यांनी, म्हणजे मराठी मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या प्रदेशांनीच, तो नाकारला किंवा थांबविला. पुस्तिकांतील चित्रे व भाषा संस्कृतीला धरून नाहीत, असा आक्षेप होता. त्या साहित्यात दोष नव्हते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु वाद मोठ्या वर्गांतील पुस्तिकांविषयी चालला असता, त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास खात्याचा बालकांवरील अत्याचारांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने अगदी निराळेच चित्र पुढे ठेवले.

या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुले होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचाराचे निरनिराळे प्रकार एकत्र पाहता सर्वांत अधिक धोका ५ ते १२ वर्षांच्या मुलांना होता. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. नववी-दहावीच्या पुस्तिकांवर वडीलधारे भांडत असताना जखम मात्र पहिली ते सातवीच्या मुलाला झालेली होती. 'हे घराचे काम' आणि 'अजून वय नाही' ही दोन्ही उत्तरे या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

तरीही बदल सावकाशच झाला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण देऊ नये, असेच मत दिले. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, अमलात आला. पण कायदा अपराध घडल्यानंतरचा. त्याआधीचे शिक्षण कोठे होते? ते शब्दांत आले २०२० च्या नियमांत. मुलांच्या वयाला साजेसे साहित्य व पाठ्यक्रम केंद्र व राज्य सरकारांनी तयार करावा, त्यात वैयक्तिक सुरक्षितता, भावनिक व मानसिक स्वास्थ्य आणि १०९८ या मदतक्रमांकाची माहिती असावी, असे त्यांत सांगितले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असे शिक्षण नववीपासून नव्हे, तर त्याहून लहान वयापासून द्यावे, असे मत नोंदविले.

येथे इंग्लंडचा अनुभव ताडून पाहण्याजोगा आहे. तेथेही २०१० मध्ये अशी तरतूद निवडणुकीच्या तोंडावर वगळली गेली होती. पुढे २०१७ च्या कायद्याने वाट उघडली आणि सप्टेंबर २०२० पासून सर्व प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे झाले. कुटुंब, मैत्री, परस्परांविषयी आदर, सुरक्षितता हे त्याचे विषय. लैंगिक शिक्षण मात्र प्राथमिक स्तरावर सक्तीचे केले नाही, आणि ते दिले जात असेल तेथे पाल्याला त्यातून वगळण्याची मुभा पालकांना ठेवली. धर्मसंस्थांच्या शाळांना आपल्या श्रद्धेच्या दृष्टीने शिकविण्यास वाव राहिला. वाद थांबले असे नाही. २०१९ मध्ये बर्मिंगहॅम येथे पालकांनी शाळांबाहेर निदर्शने केली. तथापि दोन विषय वेगळे केल्यामुळे लहान मुलाच्या वाट्याचे शिक्षण मोठ्यांच्या वादाला बांधलेले राहिले नाही. आपल्याकडे २००७ मध्ये नेमका हाच भेद झाला नाही.

मंडळीने या इतिहासाकडे तटस्थपणे पाहून चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेतच, मुले वाढत जातील तसे त्यांना विधायक व विवेकपूर्ण लैंगिक शिक्षण मिळावे, असे म्हटले होते. म्हणजे आपल्याला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. देशोदेशींच्या मंडळ्यांत बालकांवर झालेले अत्याचार आणि त्यांवर घातलेले पांघरूण पुढे जगापुढे आले, तेव्हा तर मौनाची किंमत कोणी मोजली हेही स्पष्ट झाले.

धर्मशिक्षकाकडे येणारे सात वर्षांचे मूल त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवते. त्या वयाला फार थोडे पुरेसे आहे: शरीराच्या अवयवांची साधी नावे; नकोसा स्पर्श नाकारण्याचा हक्क, मग स्पर्श करणारा नात्यातला असो वा मंडळीतला; लपवून ठेवायला सांगितलेली भीतीची गोष्ट सांगावी असे दोन-तीन विश्वासू मोठ्यांचे नाव; आणि सांगणाऱ्या मुलाचा दोष नसतो, ही खात्री. याच नियमांत मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या सेवकांची पोलीस पडताळणी करावी, असेही सांगितले आहे. आपल्या रविवारच्या शाळांनी तिला अविश्वास समजू नये.

प्रभूकडे मुले आणली जात असता त्यांना अडविणारे परके नव्हते, ते शिष्यच होते, आणि तेही प्रभूच्या भल्यासाठीच असे मानत असतील. आजवर ज्यांनी या शिक्षणाची वाट अडविली त्यांचे हेतूही बहुधा शुद्धच होते. परंतु प्रभूने बालकाला मध्ये उभे केले, रांगेच्या शेवटी नव्हे. आपण त्याला कोठे उभे केले आहे, हे प्रत्येक धर्मगुरूने, पाळकाने व धर्मशिक्षकाने स्वतःला विचारावे.