लाकडाचे अंतरंग : सुताराची पारख आणि विज्ञानाचा शोध

डिचोली तालुक्यातील सर्वण, कारापूर या टापूत साग, किंदळ, चांदाडा, काटेसावर ही झाडे शेजारीशेजारी आढळतात. त्यांची लाकडे मात्र सारखी नाहीत. सुकल्यावर काटेसावरीचे लाकूड घनसेंटिमीटरला सुमारे 0.35 ग्रॅम भरते, सागाचे सुमारे 0.6, तर खैराचे 0.9 च्या आसपास. जातीजातींतला हा फरक सर्वपरिचित आहे. प्रश्न आहे तो एकाच खोडातील फरकाचा.

याची जाण प्रथम कारागिरांना आली. सागाचा व्यापार प्राचीन आहे. अरबीतील 'साज' हा शब्द आपल्या 'साग'चेच रूप होय. दहाव्या शतकातील इतिहासकार अल्-मसऊदीने सागाच्या फळ्या काथ्याने शिवून बांधलेल्या जहाजांचा उल्लेख केला आहे. पोर्तुगीजांनी दमण येथे 1843 मध्ये जलावतरण केलेली 'दों फेर्नांदु' ही युद्धनौका नगर हवेलीच्या सागाची होती. 1963 मध्ये ती आगीत होरपळली. तरीही पुढे तिची डागडुजी झाली आणि आज ती पोर्तुगालमध्ये संग्रहालय म्हणून उभी आहे. अशा कामात सुतार सालीलगतचे फिकट रसकाष्ठ तासून टाकी आणि मधला गाभा घेई.

यावरून 'गाभा तेवढा जड' असा समज रूढ झाला. तो अपुरा आहे. गाभ्याचा टिकाऊपणा मुख्यतः त्यात साठलेल्या रासायनिक द्रव्यांमुळे येतो. घनता ही निराळी बाब. वीमन व विल्यमसन या संशोधकांनी कोस्टारिकातील पर्जन्यवनांत काही झपाट्याने वाढणारी झाडे तपासली. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, बाल्सासारख्या झाडांत सालीजवळचे लाकूड भेंडाजवळच्या लाकडाच्या दुपटीहूनही जड असू शकते.

कारण सहज पटण्याजोगे आहे. मोकळ्या जागी उगवलेल्या रोपाला आधी उजेड गाठायचा असतो, म्हणून ते हलके लाकूड घडवून भराभर उंच होते. उंची मिळाल्यावर वाऱ्याला तोंड द्यावे लागते; खोड वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर येतो, म्हणून नवे थर घट्ट होतात. सावलीत संथ वाढणारी झाडे आरंभापासूनच घट्ट लाकूड घडवतात; त्यांपैकी काहींत घनता बाहेरच्या बाजूस उलट घटते.

आज हा विषय केवळ सुताराचा राहिलेला नाही. जंगलात किती कार्बन साठला आहे, हे झाडाच्या आकारमानास लाकडाच्या घनतेने गुणून काढतात. चांदाड्यासारख्या उजेडप्रिय झाडात असा चढ असेल आणि नमुना फक्त सालीखालून घेतला, तर आकडा फुगतो. फक्त भेंडालगतचा घेतला, तर घटतो.

अध्यापकांना हे वर्गातच दाखविता येईल. वादळात पडलेल्या झाडाच्या ओल्या चकतीचे भेंडापासून सालीपर्यंत समान तुकडे करावेत. प्रत्येकाचे घनफळ पाण्यात बुडवून मोजावे, पूर्ण सुकल्यावर वजन करावे आणि वजनाला घनफळाने भागावे. सुताराच्या हाताला जे जाणवत होते ते कुठवर खरे होते आणि कुठे अपुरे, हे विद्यार्थी स्वतः ठरवतील.