कावड, कल्याण आणि आजीचं तिकीट

आजच्या भागाची सुरुवात आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या एका भांडणाने करतो. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जेवताना म्हणाली, "मला एकदा काशीला जायचंय." आणि आम्ही सगळे एका सुरात, "आता? या वयात? गुडघे बघ, तिकडची गर्दी बघ." सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे आधीच कबूल करतो.

त्याच आठवड्यात मी 'माझा प्रवास' वाचत होतो. विष्णुभट गोडसे यांचं, १८५७चं. बऱ्याच जणांना ते झाशीच्या राणीमुळे माहीत असतं. पण या पुस्तकाचा एक धागा थेट आपल्या कल्याणला येतो. तो सांगतोच, आधी थोडं विष्णुभटांबद्दल.

विष्णुभट मूळ वरसईचे, म्हणजे पेणजवळचे. जन्म १८२७चा, निघाले तेव्हा तिशीत. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. घरावर कर्ज होतं. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, मोठा दानधर्म होणार आहे. विष्णुभटांनी ठरवलं, जायचं, दक्षिणा आणायची, कर्ज फेडायचं. आमच्या भाषेत, ऑनसाइट. तीर्थयात्राही होईल, पण मूळ कारण पैसा, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. म्हणूनच मला हा माणूस आवडतो.

वडील 'नको' म्हणाले. देश लांबचा, तिकडे भांग पितात, तिकडच्या बायका मायावी, अशी त्यांची काळजी. शेवटी परवानगी मिळाली आणि सोबत निघाले काका, रामभट. वयाने मोठे, घरदार असलेले गृहस्थ. पुस्तकाबद्दल बोलताना सगळे राणीबद्दल बोलतात, विष्णुभटांबद्दल बोलतात. या काकांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पण पुतण्याने जे पाहिलं, त्यातलं बरंच काकांनीही पाहिलं.

आणि काय काय पाहिलं! महूजवळ शिपाई भेटले, त्यांनी सांगितलं की आता मोठी गडबड होणार आहे, परत फिरा. हे फिरले नाहीत. मग ग्वाल्हेर, मग झाशी. १८५८च्या वसंतात इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा दोघे आत अडकलेले. तोफा, आग, मग कत्तल आणि लूट. जवळचे पैसे गेले, जीव वाचला. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी खुद्द राणी भेटली, धुळीने माखलेली, तहानलेली. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढायचं नाही, म्हणाली, आणि स्वतःच काढून प्यायली.

अडीच-तीन वर्षांनी वरसईला परत आले तेव्हा कर्ज फेडण्याइतकं काही हातात नव्हतं. खांद्यावर मात्र गंगेची कावड होती. काशीहून पायी आणलेली. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं, कारण त्यांचं तिथे जाणं होणारच नव्हतं.

आता रेल्वेचं बघा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १८५४ला ती कल्याणला पोचली, १८५६ला घाटाखाली खोपोलीपर्यंत. म्हणजे हे दोघे निघाले तेव्हा कल्याणला आगगाडी होती. पण ती घाटापाशी संपत होती, काशी त्याच्या कितीतरी पलीकडे. मुंबई ते कलकत्ता, अलाहाबादमार्गे सलग लोहमार्ग झाला १८७०ला. कावडीनंतर जेमतेम दहा वर्षांनी.

आणि हा कल्याणचा धागा. चिंतामण विनायक वैद्य, पुढे 'भारताचार्य' म्हणून गाजलेले, जन्म १८६१, कल्याणचा. गोडसे त्यांच्या घराण्याचे उपाध्याय. १८८३ला, म्हणजे वैद्य बावीसच्या आसपास असताना, त्यांनी विष्णुभटांना सांगितलं, हे सगळं लिहून काढा. विष्णुभट तेव्हा छप्पन्न वर्षांचे. त्यांनी मोडीत लिहून काढलं, पण अट घातली: मी असेपर्यंत छापायचं नाही. इंग्रजांची भीती गेली नव्हती. पुढे हेच वैद्य ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश झाले. बायजाबाईंच्याच ग्वाल्हेरला! पुस्तक आलं १९०७ला, विष्णुभट गेल्यानंतर. त्यात वैद्यांनी स्वतःचा हात बराच चालवला होता. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ला छापला. वाचायचं असेल तर तोच शोधा.

पण वैद्यांवर मी रागावू शकत नाही. एका कॉलेजातल्या पोराने घरी येणाऱ्या भटजींना नुसतं ऐकून सोडून दिलं नाही, लिहायला लावलं. नाहीतर विहिरीवरची राणी वरसईच्या एखाद्या ओटीवरच राहिली असती.

तर, कावडीचा भाग मी आजीला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "त्याच्या आईला जाता येत नव्हतं म्हणून त्याने गंगा घरी आणली. मला तर कल्याणहून गाडी आहे."

यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आलं नाही. १८५७ला बाप मुलाला अडवत होता, इथे नातू आजीला. आणि कारणं सगळी तीच: लांब आहे, लोक कसे असतील, काही झालं तर.

मी महानगरीची दोन तिकिटं काढली. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारलंय. पट्टा लावा, घाटावर पायऱ्या मोजून उतरा, रोज थोडं चालायला आत्तापासून सुरू करा, एवढंच म्हणाले. आजी रोज संध्याकाळी सोसायटीला पाच फेऱ्या मारते आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवते. प्रवासात तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं असं ठरलंय, तिची अट मात्र विष्णुभटांपेक्षा कडक आहे: आधी तिला ऐकवायचं, तिने काप म्हटलं तिथे कापायचं.

पुढचा भाग त्यामुळे दोन आठवडे उशिरा येईल. तिला लोअर बर्थ मिळालाय, मला साइड अप्पर.